चाक कडक आसा

“बुडबुडे येतत?” मी पुढून ओरडलो.

“येतत!” मागून बाबल घाडीचा आवाज आला.

“अजून?”

“अजून! हो पंप आसा काय सोड्याची बाटली?”

मी चाक पुन्हा डावीकडे संपेपर्यंत फिरवलं, मग उजवीकडे संपेपर्यंत. बोट पाण्यात नव्हती. आमच्या खळ्यात, माडाखाली, ट्रॉलीवर उभी होती. बाबल मागे इंजिनाच्या खड्ड्यात उकिडवा बसून नळीतून बाटलीत पडणारं तेल बघत होता. हायड्रॉलिक स्टिअरिंगचं काम तसं सोपं असतं. चाकाच्या मागे एक छोटा पंप, तिथून दोन पाइप बोटीच्या शेवटापर्यंत, आणि तिथे एक सिलिंडर. चाक फिरवलं की तेल पळतं, सिलिंडरचा दांडा सरकतो आणि बोटीच्या बुडाला लटकलेला पंख्याचा पाय वळतो. त्या पायाला सगळे लेग म्हणतात. पाइपात हवा राहिली तर चाक नुसतंच फिरत राहतं, लेगला काही कळत नाही. आमच्या घरात तेव्हा साधारण असंच चाललं होतं.

बाबल हा कट्टा गावचा जेसीबी मेकॅनिक. बोटीचा मेकॅनिक गोव्याला होता आणि तो गणपतीनंतर बघू म्हणाला होता. कुठल्या गणपतीनंतर ते म्हणाला नव्हता. मग मी बाबलला गाठलं.

“तेल ता तेल आणि पाइप तो पाइप,” बाबल म्हणाला होता. “जेशीबीचो हात हालता, तर तुझ्या होडयेचो पाय हालाचो नाय?”

त्याची एकच अडचण होती. तो जन्मात बोटीत बसला नव्हता आणि ट्रॉलीवर चढल्या चढल्या त्याला गरगरायला लागलं. जमिनीवर उभ्या असलेल्या बोटीत बोट लागलेला मी पाहिलेला हा एकुलता एक माणूस. तो दर थोड्या वेळाने खाली उतरायचा, माडाला मिठी मारायचा आणि परत चढायचा.

हे सगळं ज्यांच्यासाठी चाललं होतं ते माझे बाबा खळ्याच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते.

बाबा म्हणजे जगू तांडेल. कागदावर जगन्नाथ मेतर, पण त्या नावाने त्यांना फक्त मतदान केंद्रावर हाक मारत. सगळी उमर तांडेल म्हणून त्यांनी होडीच्या मागच्या टोकाला बसून सुकाणूचा दांडा धरला होता. मग एका सकाळी चहाची कपबशी त्यांच्या हातातून पडली आणि उजवा हात तिच्यामागोमाग गेला. डॉक्टरांनी पाय परत मिळवून दिला, वाचा परत मिळवून दिली. हात मात्र अर्धाच परत आला. तेवढ्या हाताने होडीचं आउटबोर्ड इंजिन चालू करायची दोरी ओढणं होत नव्हतं.

तेव्हा मी गोव्याच्या एका हॉटेलची जुनी पॉवरबोट घेतली. किल्ली फिरवली की चालू, डाव्या हाताने चाक धरलं की झालं. उजव्या हाताने गिअरची दांडी ढकलण्यापुरती ताकद त्यांच्यात होती. बाबांनी दोन दिवस ती खाडीत चालवली, मी मागे बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मधूनच त्यांनी मला चाकावर बोलावलं, धक्क्याला लागताच उतरले आणि म्हणाले, “चाक कडक आसा.”

होतंच कडक. आतली केबल गंजलेली होती. पण त्यानंतर ते बोटीकडे फिरकले नाहीत. त्यांनी खुर्ची समुद्राकडे पाठ करून ठेवली. आता आमचं देवबाग म्हणजे चिंचोळी पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. समुद्राकडे पाठ केली की खाडी समोर येते. म्हणून त्यांनी खुर्ची अजून फिरवली आणि न्हाणीघराच्या भिंतीकडे तोंड केलं. विचारपूस करायला येणाऱ्या माणसाला भिंत आणि बाबा यांच्यामध्ये आडवं घुसून उभं राहावं लागायचं. बरेच जण मग येईनासे झाले.

“त्या भितीर काय सिनेमा लागलो आसा?” आई विचारायची.

बाबा जेवायचे, झोपायचे, सकाळी उठून भिंतीसमोर हजर व्हायचे.

आणि एक दिवस भिंतीकडे बघतच म्हणाले, “रुप्या, चिंदरकर शेठाक फोन केलंय. आयतवारी बोट बघूक येतलो. ती देवन टाकूया. तू गोव्याक मामाकडे हाटेलात जा.”

“आणि तुमी?”

“मी हयसर आसंय मां.”

त्या ‘हयसर’वर त्यांनी भिंतीकडे बोट केलं. मला त्या बोटीचं फार काही नव्हतं. मला त्या भिंतीची भीती वाटत होती. मी गेलो तर हा माणूस तिच्यासमोर बसल्या बसल्या तिचाच होऊन जाईल, असं वाटायचं. म्हणून मी म्हटलं, शेठला कडक चाक कसं द्यायचं, चार दिवस द्या, केबल काढून तेलाचं स्टिअरिंग घालतो, मऊ करून देतो. मनात दुसरंच होतं. चाक एका बोटाने फिरायला लागलं की बाबा एकदा तरी धरून बघतील, आणि धरलं की सोडणार नाहीत.

“बुडबुडे बंद!” बाबल ओरडला. “आता फिरव बघूया!”

मी चाक उजवीकडे फिरवलं. लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं.

“लेग खय गेलो?”

“उजव्याक!”

डावीकडे फिरवलं.

“आता?”

“डाव्याक! एकदम पास!”

इंजिनाचं झाकण उघडं होतं, त्यामुळे मला मागचं काही दिसत नव्हतं. बाबल माझ्याकडे पाठ करून, मागे तोंड करून बसला होता. जेसीबीवाले खोदायचा हात चालवताना खुर्ची फिरवून असेच उलटे बसतात, त्याला त्याशिवाय सुचत नसे. मला निमित्तच हवं होतं, म्हणून मी हाक मारली, “बाबा, जरा तुमी बघतात? शेठाक दाखवच्या आधी?”

खुर्ची करकरली. बाबा काठी टेकत आले आणि बोटीच्या मागे उभे राहिले. मी चाक फिरवलं. त्यांनी हाताने खूण केली, परत. मी परत फिरवलं. ते बराच वेळ त्या लेगकडे बघत राहिले, एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे.

“बरोबर आसा,” ते म्हणाले आणि परत गेले.

खुर्चीत बसण्याआधी त्यांनी ती थोडी फिरवली. आता त्यांच्यासमोर अर्धी भिंत होती आणि अर्धी खाडी.

मी बाबलला गच्च मिठी मारली. तो म्हणाला, “सोड रे, ओकारी येता.”

रविवारी बोट पाण्यात उतरवली. चिंदरकर शेठ आले. त्यांची दोन रिसॉर्टं होती आणि गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत फोन होता. धक्क्यावरच त्यांनी लाइफ जॅकेट चढवलं. बाबल मेकॅनिक असला तरी आडनावाने घाडी, तेव्हा देवापुढे गाऱ्हाणं घालायचा घाड्यांचा मान त्याचाच. त्याने हातात नारळ घेतला आणि डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजाऽऽ!”

“होय म्हाराजा!” आम्ही म्हणालो.

“आज ह्या लेकरान होडयेक नवीन स्टेरिंग घातलेला आसा, ता गोड मानून घे रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“पाइपात खय चुकान हवा रवली आसात, ती वरच्या वर काढून टाक रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“नटबोल्ट ढिलो रवलो आसात तर तो आवळून घे, आणि शेठाच्या मनात ही होडी भरवन दी रे म्हाराजाऽऽ!”

यावर सगळ्यात मोठ्याने “होय म्हाराजा!” शेठ म्हणाले. मी गप्प बसलो. नारळ पाण्यात गेला.

आणि तेवढ्यात बाबा बोटीत चढले. कोणी त्यांना ये म्हटलं नव्हतं. काठी त्यांनी आईच्या हातात दिली, डाव्या हाताने कठडा धरला आणि बरोबर माझ्या मागच्या सीटवर येऊन बसले. “भार व्हयो मागे,” एवढंच म्हणाले. बाबल अर्थातच धक्क्यावर राहिला.

मी बोट सुटी केली. सरळ गेली. सरळ जाण्यात अडचण नव्हतीच.

“मस्त आसा हां,” शेठ म्हणाले. “आवाज कमी आसा. जरा वळवून दाखव.”

समोर डाव्या अंगाला एक बनाना राइड चालली होती. पिवळं धमक हवेचं केळं, त्याला ओढणारी दुसरी बोट आणि केळ्यावर इचलकरंजीहून आलेली आठ माणसं. मी त्यांच्यापासून लांब जायला चाक उजवीकडे घेतलं.

बोट डावीकडे वळली. केळ्याकडे.

मला वाटलं, पाण्याला ओढ असेल. मी अजून उजवीकडे घेतलं. बोट अजून डावीकडे गेली. आता ती केळ्याच्या बरोबर मागे लागली होती. मी घाबरून चाक पूर्ण उजवीकडे ओढलं आणि तेव्हा आम्ही पाठलाग करतोय असं नुसतं वाटेनासं झालं, आम्ही पाठलागच करत होतो. मी जितकं त्या माणसांना वाचवत होतो तितके आम्ही त्यांच्या जवळ जात होतो.

“अरे, वळव मां!” शेठ म्हणाले.

“वळवतंयच!”

“मगे वळणा कित्याक नाय?”

“वळता! पण थयच वळता!”

केळ्यावरच्या लोकांना वाटलं की हा पॅकेजचाच भाग आहे. ते हात वर करून किंचाळायला लागले. शेवटच्या माणसाने मला फ्लाइंग किस दिला. एक बाई ओरडली, “अजून जवळ या की वोऽ!” आणि त्या क्षणी तिची इच्छा पूर्ण करण्यावाचून माझ्या हातात काहीच नव्हतं. हात चाकावर होते, चाक लोण्यासारखं फिरत होतं, आणि मी जे जे करत होतो त्याचं बरोबर उलटं होत होतं. गिअर मागे घ्यावा हे सुचायला जो मेंदू लागतो तो माझ्याजवळ त्या वेळी नव्हता. मी फक्त “बाजूक व्हा” म्हणत राहिलो. तेही इतक्या हळू की मलाच ऐकू आलं.

मग माझ्या खांद्यावर एक हात आला आणि मी बाजूला ढकलला गेलो.

बाबांनी उभ्या उभ्या डाव्या हाताने चाक वरून धरलं. त्यांचा हात सहज डावीकडे गेला आणि बोट उजवीकडे वळली, केळ्याच्या शेपटाला नुसता पाण्याचा फवारा देऊन बाजूला झाली. इचलकरंजीकरांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी दांडी हलकेच पुढे केली. बोट तिवरांच्या झाडीच्या कडेकडेने, दोन खडकांच्या मधून, जाळ्यांच्या खुंट्या चुकवत अशी गेली की कुणी दोरीने ओढून नेत असावं. बाबा चाकाकडे बघतही नव्हते. बऱ्याच दिवसांनी ते पाण्याकडे बघत होते.

शेठ खूश झाले. “लकवो झालेलो म्हातारो एका हातान हाकता म्हणजे काय चाक आसा रे! माझ्या पोरांका एकदम बेस. मी घेतंय ही बोट. नक्की.”

मी बाबांकडे पाहिलं. आता ते काहीतरी बोलतील, नाही म्हणतील, असं वाटलं.

बाबा बाजूला सरकले. फार अदबीने म्हणाले, “घेवा शेठ. तुमीच चालवन बगा.”

मी म्हटलं, “बाबा, पण ह्या चाक…”

“गप रव. गिऱ्हाईक आसत ते.”

शेठनी चाक धरलं. उजवीकडे खोल पाणी होतं, डावीकडे वाळूचा भराव. शेठ शहाणे माणूस, त्यांनी उजवीकडे फिरवलं.

बोट वाळूवर चढली तेव्हा आवाजसुद्धा फार झाला नाही. नुसता एक सुस्कारा, माणूस गादीवर बसावा तसा. सुकती लागली होती, पाणी भराभर उतरत होतं. शेठनी चाक दोन्ही बाजूंना फिरवून बघितलं, इंजिनाला शिवी दिली, मला दिली, बाबांना देणार होते पण तोंडावर आणून गिळली. मग बूट हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत वर करून किनाऱ्याकडे चालत गेले. अर्ध्या वाटेवर थांबून ओरडले, “ह्या होडयेक देवाचा काय तरी आसा! फुकट दिलास तरी नको!” लाइफ जॅकेट त्यांनी तिथेही काढलं नव्हतं. पाणी घोट्याएवढं होतं.

आम्ही दोघे उरलो. भरती येईपर्यंत आता बसून राहण्याशिवाय काही करण्यासारखं नव्हतं. धक्क्यावरून बाबल दोन्ही हात हलवून काहीतरी विचारत होता. मीही हात हलवले. त्याला काय समजलं कोण जाणे, तो घरी गेला.

“बाबा, मागे पाइप उलटे लागलेत. डाव्याचो उजव्याक लागलो.”

“हां.”

“तुमका खळ्यात बघलात तेव्हाच कळलेला?”

बाबा वाळूवर उतरलेल्या एका बगळ्याकडे बघत होते. बगळा एक पाय उचलून उभा होता.

“चाक कडक नव्हता रे,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे होता. पण कडक चाक फिरता. जोर करूचो. जगू तांडेलाक जोराचा काय?” त्यांनी डावा हात हवेत दांडा धरल्यासारखा धरला. “माझो हात उलटो जाय. दांडो कसो, डाव्याक ढकललो की होडी उजव्याक जाता. सगळो जल्म ह्याच केलंय. आता चाक धरलंय तरी हात ताच करी. दोन दिस मनात घोकी होतंय, उलटा, उलटा. घोकल्यार जमा. आणि मग ती शाळेची होडी आडवी इली.”

“खयची शाळेची होडी?”

“तू मागे नांगराची दोरी गुंडाळी होतंस. तुका दिसूक नाय. पोरां भरलेली. माका वाटला चुकवतंय, आणि हातान बोट सरळ तिच्याच आंगार घातल्यान.” त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला. “थोडक्यात गेली. पोरां हसत होती. त्यांका वाटला म्हातारो मस्करी करता. मी भियालंय रे, रुप्या.”

सगळा जन्म मी या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता.

“मगे सांगाचा नाय?”

“काय सांगू? जगू तांडेलाक डावा उजवा कळणा नाय, असा?”

बगळ्याने पाय बदलला. मी उठलो, मागे जाऊन इंजिनाचं झाकण उघडलं आणि ते दोन पाइप बघितले. शेजारी शेजारी, काळे, अगदी सारखे. दोन पाने लावून पाइपांची अदलाबदल केली की झालं, असं काम. मी झाकण बंद केलं.

संध्याकाळी भरतीबरोबर बाबांनी बोट धक्क्याला आणली. चाकावर तेच. घरी बाबल चहा पीत बसला होता. त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. “म्हणजे माझा उजवा ता तुमचा डावा? पण मी तर मागे बघी होतंय!” मग आईला सांगितलं. केबल, पंप, पाइप, हवा, दांडा, चाक, सगळं. आईने भाताच्या टोपावरचं झाकण हातात घेतलं होतं, ते तिने चाकासारखं धरलं आणि थोडा वेळ फिरवत राहिली.

“मगे,” ती म्हणाली, “चाक खालसून धरला आसता तर?”



बाबलने कपाखालची बशी उचलली. मी जेवणाचं ताट घेतलं. वरून धरलेला हात डावीकडे नेला की ताट डावीकडे फिरत होतं. खालून धरलेला हात डावीकडे नेला की ताट उजवीकडे. सुकाणूच्या दांड्यासारखंच. बाबलने ते तीनदा करून पाहिलं, मग बशी हळूच खाली ठेवली. नवा पंप नको होता, पाइप नको होते, तेल नको होतं. त्याने माडाला मारलेल्या मिठ्याही नको होत्या. भिंतीसमोर काढलेले ते सगळे महिने नको होते.

सगळे बाबांकडे बघायला लागले.

“खालसून धरूक,” बाबा म्हणाले, “ती काय बालदी आसा?”

आणि भात वाढायला सांगितला.

पाइप तसेच राहिले. मी गोव्याला गेलो नाही. खुर्ची भिंतीपासून सुटली ती सुटलीच, नंतर तिच्यावर मांजर बसायचं. बाबा सीझनभर डॉल्फिन दाखवायला बोट न्यायचे आणि मी, त्या बोटीचा मालक, मागे बसून लाइफ जॅकेट वाटायचो. ती बोट गावात दुसऱ्या कुणाला चालवता यायची नाही. बाबा तपासणीला कोल्हापूरला गेले की ती धक्क्याला बांधलेली. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा धक्क्यालाच धडकलो. मग सोडून दिलं. दरवर्षी पावसाआधी बाबल पाने घेऊन यायचा. “बदलूया? धा मिनटांचा काम.” बाबा म्हणायचे, “हात लाव नको.”

असे बरेच सीझन गेले. मग एका वैशाखात बाबा झोपेतच गेले.

अस्थी खाडीच्या मुखाशी, जिथे समुद्र लागतो तिथे सोडायच्या होत्या. दुसऱ्या होडीने जाऊ म्हणून चौघांनी सांगितलं. आई म्हणाली, त्यांच्याच बोटीने. बाबल सकाळीच पाने घेऊन आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी नकाराची मान हलवली, आणि त्याने पाने खिशात ठेवले. मग तो आपणहून बोटीत चढला, जन्मात पहिल्यांदाच पाण्यावर. काही झालं नाही त्याला. आरामात बसला.

मी किल्ली फिरवली. आई मांडीवर कलश घेऊन माझ्या बरोबर मागे बसली होती. समोर तिवरं, दोन खडक, खुंट्या. मी चाक वरून धरलं. मग मी हात खाली नेला आणि चाक खालून धरलं. बादली धरतात तसं.

हात डावीकडे नेला, बोट डावीकडे गेली. उजवीकडे नेला, उजवीकडे.

दोन खडकांच्या मधून बाहेर पडलो तेव्हा मागून आईचा आवाज आला.

“म्हटलेलंय मी,” ती कलशाला म्हणाली. “आयकाक नाय.”